तेहतिसाव्या वर्षी कळलं की टंग टाय आहे, आता लेझर करायचं का?

नाशिकच्या सिडकोतून एका वाचकाचं पत्र आलंय, टंग टायबद्दल, म्हणजे जिभेखालची दोरी आखूड असण्याबद्दल. थोडं कापून देते:

"ताई, मी ३३ वर्षांचा, अंबड एमआयडीसीत एका कंपनीत परचेसला आहे, दिवसभर फोनवरच काम. लहानपणापासून माझा र आणि ळ नीट येत नाही, शाळेत बोबड्या म्हणायचे. आता घाईत बोललो की समोरचा 'काय? परत बोला' म्हणतो, मीटिंगमध्ये तर अडखळायलाच होतं. मागच्या महिन्यात दात क्लीन करायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी जीभ वर करायला सांगितली आणि म्हणाले तुम्हाला टंग टाय आहे, लेझरने दहा मिनिटात काढू, बारा हजार होतील, बोलणं एकदम क्लिअर होईल. आई म्हणते या वयात जीभ कापली तर वाचा जाईल. पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे, त्याच्या आधी उरकून टाकू का?"

हे बघ, ताई म्हणालास म्हणून अरे-तुरे करते. आधी साखरपुड्याचं सांगते कारण तारीख जवळ आलीय. त्याच्या आधी करू नकोस. जिभेखालची जखम भरायला दोन-तीन आठवडे जातात, त्यात टाके असले तर ते टोचतात, जेवताना त्रास होतो, आणि काही जणांचं बोलणं सुरुवातीला उलट जरा वेडंवाकडं होतं कारण जीभ एकदम मोकळी होते आणि तिला जायचं कुठे ते कळत नाही. असं तोंड घेऊन तू हॉलमध्ये पाहुण्यांशी बोलणार, पेढा खाणार, फोटो काढणार? ३३ वर्षं थांबलास तर अजून दोन-तीन महिन्यांनी काही बिघडत नाही, आणि तेवढ्या वेळात जे आधी करायला हवं ते करून होईल, म्हणजे नीट तपासणी.

आता आईंचं. वाचा जाईल ही भीती खूप घरांत असते आणि त्यांना हसू नकोस. आवाज तयार होतो घशात, स्वरयंत्रात. जिभेखालची ती दोरी, डॉक्टर जिला फ्रेनम म्हणतात, तिचा आवाजाशी संबंध नाही, आणि कापतात ती ही दोरी, जीभ नाही. वयाचं म्हणशील तर मोठ्या माणसाचं उलट सोपं पडतं, लहान मुलाला बऱ्याचदा पूर्ण भूल द्यावी लागते कारण ते स्वस्थ बसत नाही, तू खुर्चीत तोंड उघडून बसशील, तेवढीच जागा सुन्न करतील, झालं. आईंना एकदा सोबत घेऊन जा, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की बरं वाटतं.

आता मुद्द्याचं. ती दोरी सगळ्यांना असते. मलाही आहे, तुझ्या डॉक्टरांनाही आहे. पोटात असताना बाळाची जीभ खालच्या भागाला चिकटलेली असते, मग हळूहळू सुटी होते आणि मधे ही पातळ पट्टी उरते. कुणाची लांब आणि लवचिक उरते, कुणाची आखूड, जाड, किंवा अगदी जिभेच्या टोकापर्यंत आलेली. ती इतकी आखूड असली की जिभेची हालचालच अडते, तर त्याला टंग टाय म्हणायचं. काही घरांत हे पिढ्यान्‌पिढ्या दिसतं, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त. तेव्हा नुसतं आत डोकावून "दोरी दिसते" म्हणणं आणि "दोरीमुळे जीभ अडते" म्हणणं यात फरक आहे, आणि "दोरीमुळेच तुमचं बोलणं बिघडलंय" हे तर त्याच्याही पुढचं, ते कुणी दात साफ करता करता दोन मिनिटात सांगू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बोलणं ऐकायलाच घ्यावं लागतं त्यासाठी.

आज रात्री एवढं कर. बाथरूमच्या आरशासमोर उभा राहा, मोबाईलची टॉर्च चालू कर. जीभ सरळ बाहेर काढ, टोक मधेच आत ओढलं जाऊन बदामासारखी खाच पडते का? वरचा ओठ चाटता येतो का? तोंड मोठं उघडं ठेवून टोक टाळूला लागतं का, की जीभ वर जायला लागली की जबडाच मिटायला लागतो? जीभ शेवटच्या दाढांपर्यंत फिरवून अडकलेलं काढता येतं का, की मिसळ खाल्ल्यावर फरसाणाचा चोथा तुला बोटानेच काढावा लागतो? कोनातलं आईस्क्रीम चाटता न येणं, खूप वेळ बोलल्यावर जिभेखाली ओढ बसणं, खालच्या पुढच्या दोन दातांत फट, त्या दातांच्या मागची हिरडी खाली सरकलेली, हेही टंग टायमध्ये दिसतं. यातलं एखादंच असेल तर फार अर्थ नाही, बरीच एकत्र असतील तर मग मोजायला हवं.

मोजणं सोपं आहे, शाळेतली स्टीलची पट्टी चालते. तोंड जेवढं उघडेल तेवढं उघड आणि वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मिलीमीटरमध्ये लिही. मग जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या अगदी मागे, तिथे हिरडीचा छोटा उंचवटा लागतो बघ, त्याला टेकव आणि टोक न सोडता जमेल तेवढं तोंड उघड, परत मोज. दुसऱ्या मापाला पहिल्याने भाग आणि शंभरने गुण. समज पहिलं ४८ आलं आणि दुसरं २०, तर जीभ साधारण ४२ टक्के उचलली जाते. २०१७ मध्ये हजारावर लोकांची तोंडं मोजून एक अभ्यास छापला गेला, त्यात याचे चार भाग केलेत: ८० टक्क्यांच्या वर असेल तर उत्तम, ५० ते ८० ठीकठाक, ५० च्या खाली हालचाल कमी, आणि २५ च्या खाली खूपच कमी. तुझा आकडा ७० आला तर बारा हजार खिशातच ठेव आणि कारण दुसरीकडे शोध. ३० आला तर तुझ्या डॉक्टरांचं म्हणणं निदान अर्धं तरी बरोबर आहे. जबड्याच्या सांध्याचा त्रास असेल तर हा आकडा फसवतो. आणि पहिलंच माप, म्हणजे नुसतं तोंड उघडणंच कमी येत असेल, तर ती भानगड वेगळी आहे, ती शेवटी सांगते.

आता बोलणं, माझं काम इथलंच आहे म्हणून जरा लांबेल. प फ ब भ म ओठांनी होतात, क ख ग घ जिभेच्या मागच्या भागाने. टंग टायने यांना काही होत नाही, त्यामुळे तुझे हेसुद्धा पुसट येत असतील तर कारण दोरी नाही, सवय आहे किंवा घाई आहे. ज्यांना जिभेचं टोक वर लागतं ते अडतात: ल, न, र, आणि आपल्याकडचे ट ठ ड ण ळ, ज्यांना टोक वर जाऊन मागे वळावं लागतं. ळ सगळ्यात अवघड. म्हणून मी बऱ्याचदा र च्या आधी ळ ऐकते. कुणाचा ळ आणि ण स्वच्छ येतो आणि फक्त र बिघडलेला आहे, तर त्याची जीभ वर जाते, वळते, म्हणजे हालचाल पुरेशी आहे, र फक्त शिकायचा राहिलाय, तिथे लेझर करून काय मिळणार. तुझे दोन्ही बिघडलेत असं लिहिलंयस, त्यामुळे तुझ्या बाबतीत दोरीवर संशय घ्यायला जागा आहे. स म्हणताना जीभ दातांच्या मधे येणाऱ्यांनाही कुणी कुणी टंग टाय सांगतं, आता ती जीभ पुढे यायला मोकळी आहे म्हणूनच येतेय ना!

घरी फोनवर रेकॉर्ड कर: मला-मळा, काल-काळ, वेल-वेळ, गोरा-गोळा, आणि एखादं वाक्य, "काल संध्याकाळी नळाला पाणी नव्हतं", एकदा सावकाश आणि एकदा ऑफिसात बोलतोस तसं. हे रेकॉर्डिंग कुणा मित्राला पाठव आणि कुठला शब्द आहे ते त्याला ओळखायला सांग, स्वतःचं स्वतःला कळत नाही, आपले कान आपल्याच बोलण्याला सरावलेले असतात. सावकाश बोलताना सगळं नीट आणि स्पीडला बिघडतंय, तर बराचसा इलाज प्रॅक्टिसने होईल.

आणि तू "अडखळतो" लिहिलंयस ते नेमकं कसं? र वर जीभ वळत नाही असं, की पहिला शब्दच अडकतो, "मी मी मी" होतं, घसा आवळल्यासारखा वाटतो, फोनवर स्वतःचं नाव सांगताना जास्त होतं? दुसरं असेल तर तो तोतरेपणा, आणि तोतरेपणा टंग टायने होत नाही, कापल्याने जातही नाही. १८४१ मध्ये बर्लिनच्या डिफेनबाख नावाच्या नामांकित सर्जनने तोतरेपणा जावा म्हणून लोकांच्या जिभेच्या मुळाशी कापाकापी केली होती, तेव्हा भूलही नव्हती, लोकांचे हाल झाले आणि लवकरच ते सगळं बंद पडलं. त्यामुळे मीटिंगमधल्या अडखळण्यासाठी कुणी दोरी कापायला निघालं तर सरळ नाही म्हण, त्याची थेरपी वेगळी असते आणि ती चांगली चालते.

"बोलणं एकदम क्लिअर होईल" या वाक्यावर माझा आक्षेप आहे तो असा. टंग टाय असलेली कितीतरी माणसं एकदम स्वच्छ बोलतात, जीभ स्वतःच आडवाटेने मार्ग काढते. २०२० मध्ये अमेरिकेतल्या कान-नाक-घसा सर्जन्सच्या अकादमीने लहान मुलांच्या टंग टायवर तज्ज्ञांचं एकमत छापलं, त्यातही हेच आहे की टंग टायमुळे सहसा बोलण्यावर परिणाम होत नाही. सहसा, म्हणजे कधीच नाही असं नाही, काहींना होतो आणि त्यात तू असू शकतोस. पण समजा तू त्यातलाच आहेस तरी कापल्यावर जीभ नुसती मोकळी होईल, ३३ वर्षं जशी हललीय तशीच हलत राहील, र तिला शिकवावा लागेल आणि ते काही आठवड्यांचं, कधी काही महिन्यांचं काम असतं. आईस्क्रीम, दाढा साफ करणं, जिभेखालची ओढ, यात फरक लवकर दिसतो. बोलण्यातला फरक मेहनतीने येतो, आणि काहींना फारसा येतही नाही, हे आधीच कळलेलं बरं. इन्स्टावर टंग टाय काढला की घोरणं गेलं, मानदुखी गेली, पाठ सरळ झाली असले रील्स फिरतात ना, त्याला भक्कम पुरावा नाही, त्या आशेवर कापू नकोस.

मग जायचं कुठे. आधी स्पीच थेरपिस्टकडे. नावापुढे बीएएसएलपी किंवा एमएएसएलपी ही स्पीच थेरपीची डिग्री आहे का आणि आरसीआयचं, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिलचं, रजिस्ट्रेशन आहे का बघ, बिनधास्त विचार, चांगला माणूस चिडत नाही. सोबत एक कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचं किंवा ओरल सर्जनचं सेकंड ओपिनियन. नाशकात त्यासाठी लांब जायला नको, त्र्यंबक रोडचं सिव्हिल आहे, आडगावला मेडिकल कॉलेज आहे, पंचवटीत डेंटल कॉलेज आहे, कॉलेजात अर्धा दिवस जातो आणि दोन-चार शिकाऊ डॉक्टर तुझ्या तोंडात डोकावतील, पण खर्च कमी येतो आणि वरिष्ठ बघतात. थेरपिस्ट म्हणाला की जिभेची हालचाल कमी आहे आणि तेच अक्षरांना नडतंय, तर कापायचं, नाहीतर आधी दोन महिने थेरपी करून बघायची. कापायचं ठरलं तरी जिभेचे व्यायाम आधीपासून सुरू करतात, म्हणजे नंतर दुखत असताना नवीन काही शिकायला लागत नाही.

प्रत्यक्ष काम खरंच छोटं आहे. दोरी पातळ असेल तर नुसता छेद देऊन सोडतात. जाड असेल तर ती काढून टाके घालतात, किंवा तिरके छेद देऊन कातडी इंग्रजी झेडसारखी फिरवून शिवतात, त्याने लांबी वाढते आणि परत आखडायची भीती कमी होते. टाके बहुतेक वेळा आपोआप विरघळणारे. लेझरने रक्त कमी येतं, बऱ्याचदा टाके लागत नाहीत, पण लेझर म्हणजे काही जादू नाही, कात्रीनेही तितकंच चांगलं होतं, हात कुणाचा आहे ते महत्त्वाचं. डॉक्टरांना विचार की माझ्यासाठी कुठली पद्धत आणि का, परत चिकटली तर काय, व्यायाम कोण शिकवणार. शेवटच्या प्रश्नाला "काही गरज नाही" असं उत्तर आलं तर तिथून उठ. दोरीच्या दोन्ही बाजूंना लाळेच्या नळ्यांची तोंडं असतात, त्यांना धक्का लागला तर लाळ साठून जिभेखाली फुगा येतो, क्वचित जिभेला बधिरपणा राहतो, हे कमी वेळा होतं पण सही करायच्या आधी त्यांनी सांगायला हवं. रक्त पातळ करायची गोळी, शुगर, भुलेच्या इंजेक्शनची अॅलर्जी, जे असेल ते तू आधी सांग.

नंतरचे दोन-चार दिवस गार, मऊ. ताक, पेज, वरण-भात गिळगिळीत करून. तिखट रस्सा, गरम चहा, सिगारेट, तंबाखू बंद. दुसऱ्या दिवसापासून कोमट मीठ-पाण्याने हलकेच चूळ. जखमेवर पांढरट-पिवळट थर येतो तो बहुतेक वेळा पू नसतो, खरवडू नकोस. थोडं रक्त आलं तर गॉजचा तुकडा दाबून धर. दाबूनही थांबत नाही, जिभेखाली सूज वाढतेय, गिळायला किंवा श्वासाला अडतंय असं झालं तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच जायचं. आणि व्यायाम, डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून, साधारण महिना-दीड महिना. टोक वरच्या ओठाला, एका गालफडातून दुसऱ्या गालफडात, पूर्ण जीभ टाळूला चिकटवून टाक् टाक् आवाज. ही जखम भरताना आखडते, त्यामुळे कंटाळा केला तर कधी कधी पहिल्यापेक्षा घट्ट होऊन बसते. यासाठीच म्हटलं की साखरपुड्याच्या आणि लग्नाच्या धावपळीत नको, रोज तीन-चार वेळा आरशासमोर जीभ काढून उभं राहायला निवांतपणा लागतो आणि घरात पाहुणे असले की ते होत नाही.

होणाऱ्या बायकोला सांगू का असं तू विचारलं नाहीयेस पण मला वाटतं डोक्यात ते आहेच. सांग की. ती तुझ्याशी फोनवर बोलतेच आहे, तिने ऐकलंय तुझं बोलणं आणि तरी हो म्हणालीय. हा आजार नाही. पुढे मूल झालं की जन्मानंतर डॉक्टरांना जिभेखाली बघायला सांगायचं, बाळ अंगावर नीट पीत असेल आणि वजन वाढत असेल तर तिथेही घाई नको.

ऑफिसात तोवर एक कर, फोनवर रेट आणि क्वांटिटी तोंडी सांगितल्यावर लगेच व्हॉट्सअॅपवर टाक. परचेसवाल्याने ते तसंही करायला हवं.

आता ते तोंड कमी उघडण्याचं, आणि हे फक्त तुला नाही, वाचणाऱ्या सगळ्यांना. टंग टाय जन्मापासून असतो. आधी जीभ व्यवस्थित बाहेर यायची आणि गेल्या काही महिन्यांत कमी येतेय, तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावायची ती आता मावत नाहीत, तिखट लागलं की आग होते, आणि सुपारी, गुटखा, मावा चालू आहे किंवा होता, तर तो टंग टाय नाही, तोंडाच्या आतली कातडी कडक होत चाललीय आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. जिभेवर किंवा जिभेखाली दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा गाठ, तेच. अशा वेळी लेझरवाल्याकडे नको, कान-नाक-घसा किंवा डेंटल कॉलेजात ओरल मेडिसिनला याच आठवड्यात दाखवायचं, आणि पुडी त्याच दिवसापासून बंद. बोलणं एकाएकी जड झालं, सोबत तोंड वाकडं किंवा एक हात लुळा वाटला, तर तेवढाही वेळ नाही, १०८ ला फोन करायचा.